अंटार्क्टिकासाठी जहाज निवडताना मदत हवी आहे

नमस्कार मंडळी, मी खानापूरचा. येत्या फेब्रुवारीत पत्नीसह अर्जेंटिनातील उशुआया बंदरातून अंटार्क्टिक द्वीपकल्पाला जाण्याचे जवळजवळ ठरले आहे, कारण त्या सुमारास हंपबॅक देवमासे चांगले दिसतात. ५०० पेक्षा अधिक प्रवासी असलेल्या जहाजांतून किनाऱ्यावर उतरता येत नाही आणि एका ठिकाणी एका वेळी १०० जणांनाच उतरू देतात, म्हणून लहान जहाजच घ्यावे असे माझे ठाम मत आहे. पण दक्षिण अमेरिका आणि अंटार्क्टिका यांमधली ड्रेक सामुद्रधुनी ओलांडायला सुमारे दोन दिवस लागतात, आणि पत्नीला चोर्ला घाटाच्या वळणांवरही मळमळते. खालच्या मजल्यावरची मधली खोली घेतल्याने त्रास खरोखर कमी होतो का, आणि गुडघे दुखणाऱ्या माणसाला जहाजाच्या शिडीवरून हलत्या रबरी होडीत उतरणे जमते का, हे बेळगाव-निपाणी भागातून जाऊन आलेल्या कोणी कृपया सविस्तर कळवावे.