भाडेकरूला मधेच कुत्रा आणायचाय, हो म्हणू का?

कोथरूडचा वन बीएचके ११ महिन्यांच्या लीव्ह अँड लायसन्सवर दिलाय, निम्मा काळ बाकी आहे. पोरगा चांगलाय, भाडं वेळेवर देतो, आता म्हणतो काका लॅब्रॅडॉर आणू का. अॅग्रीमेंटमध्ये कुत्र्याबद्दल चकार शब्द नाही आणि सेक्रेटरी म्हणतात सोसायटीत चालणार नाही.

> सेक्रेटरींचं सोडा हो. अॅनिमल वेल्फेअर बोर्डाच्या २०१५ च्या गाइडलाइन्सनुसार सोसायटीला सरसकट बंदी घालता येत नाही, लिफ्टही अडवता येत नाही. पण तुमच्या फ्लॅटच्या अटी तुम्ही ठरवायच्या, तेव्हा जे काय ठरेल ते लेखी घ्या.

> आमच्या भाडेकरूच्या कुत्र्याने बेडरूमच्या दाराचं सनमायका खालून पार सोलून काढलं. त्यामुळे आधी सगळ्या दारांचे फोटो काढा, डिपॉझिट थोडं वाढवून मागा, महापालिकेचं लायसन्स आणि रेबीजची लस झाल्याचा कागद बघा. आणि मुलगा ऑफिसला गेल्यावर कुत्र्याजवळ कोण थांबणार? वन बीएचकेत लॅब दिवसभर एकटा म्हणजे भुंकून शेजारी हैराण.

> दिवसा आई असणारे म्हणतो, गावाहून येतीये. मग डिपॉझिट किती वाढवू? एक महिन्याचं भाडं जास्त होईल का?

> नाही, चालतंय की.