मारुती ८०० चं ऑइल गळती थांबेना, सगळे म्हणतात मागचं सील, गिअरबॉक्स उतरवू का?

कराडची८००
नमस्कार मंडळी. आमची ८०० आहे, १९९७ ची कार्ब्युरेटरवाली, बाबांनी शोरूममधून नवी घेतलेली आणि आजवर एकाच घरात राहिलेली. गेल्या दिवाळीपासून इंजिन ऑइल गळतंय. रात्री लावली की सकाळी पेव्हर ब्लॉकवर तळहाताएवढा डाग, आणि तो पण इंजिन आणि गिअरबॉक्स जिथे जुळतात बरोबर त्याच्याच खाली. महिन्याला जवळजवळ अर्धा लिटर टॉपअप करतोय, मुळात इंजिनात तेलच तीन लिटरच्या आत बसतं. आत्तापर्यंत टॅपेट कव्हरचं (इंजिनच्या वरच्या झाकणाचं) पॅकिंग दोनदा बदललं, चेंबरचं (खालच्या ऑइलच्या भांड्याचं) पॅकिंग बदललं, ड्रेन बोल्टचा वायसर नवीन टाकला, तरी जैसे थे. पुण्याहून येताना खंबाटकी घाट चढलो की जळक्या तेलाचा वास आत येतो. दोन मेकॅनिकना दाखवली, दोघं म्हणाले क्रँकचं मागचं सील (क्रँकशाफ्ट गिअरबॉक्सकडे बाहेर येतो तिथली रबरी रिंग) गेलंय, गिअरबॉक्स खाली घ्यायला लागेल. पैशाची ना नाही पण एवढं उचकटून परत डाग दिसला तर बाबांना काय सांगू. ते ७४ वर्षांचे आहेत, अजून रोज सकाळी गाडी स्वतः पुसतात आणि आधी खाली वाकून डाग बघतात. कुणी या इंजिनवर काम केलंय का?

उद्यमनगर_मिस्त्री
दादा, लगेच गिअरबॉक्सला हात लावू देऊ नका. आधी सांगा क्लच घसरतो का? चढावर चौथ्यात अ‍ॅक्सिलरेटर दाबल्यावर इंजिनचा आवाज वाढतो पण गाडी ओढत नाही असं होतं का? मागचं सील एवढं गळत असेल तर बरेचदा क्लच प्लेटला तेल लागतंच. आणि ते गळतंय ते इंजिन ऑइलच आहे ना, गिअर ऑइलला उग्र वास असतो, बोटावर घेऊन हुंगून बघा.
तेल जिथे टपकतं तिथून ते निघालेलं नसतं, वरून कुठून तरी ओघळत येतं आणि चालत्या गाडीत वारा त्याला मागं ढकलतो. त्यामुळे खालून बघून काही कळणार नाही. इंजिन थंड असताना डिझेल आणि ब्रशने सगळं घासा, डिस्ट्रीब्यूटर (प्लगना करंट वाटतो तो) आणि कार्ब्युरेटरवर प्लास्टिकची पिशवी बांधा मगच पाणी मारा, पूर्ण सुकू द्या. मग साधी टाल्कम पावडर सगळीकडे भुरभुरा आणि दहा-पंधरा किलोमीटर फिरवून आणा. पांढऱ्यावर तेलाची रेघ लगेच दिसते. त्यातली सगळ्यात वरची ओली जागा शोधायची, बाकी सगळं तिचंच ओघळलेलं असतं. खाली शिरणार असाल तर नुसत्या जॅकवर नको, घोडी (लोखंडी स्टँड) लावा.

सांगलीकर_७७
माझ्या जुन्या व्हॅनला मी लीक थांबवायचं लिक्विड ऑइलमध्ये टाकलेलं, दोनेक महिने बरं वाटलं. तेल पण जरा जाड घालून बघा, उगाच खोलाखोली कशाला.

उद्यमनगर_मिस्त्री
@सांगलीकर भाऊ, ते लिक्विड रबर फुगवतं आणि थोडे दिवस गळती दबते, पण कडक होऊन चिरलेली रिंग त्याने जुळत नाही. आणि गळती कुठून आहे हेच माहीत नसताना काहीही ओतणं मला पटत नाही.

जुनं_लोखंड
उशिरा वाचलं. या इंजिनात डिस्ट्रीब्यूटर कुठे असतो बघा, हेडच्या (इंजिनच्या वरच्या भागाच्या) गिअरबॉक्सकडच्या टोकाला, कॅमवर (व्हॉल्व्ह उघडणाऱ्या दांड्यावर) फिरतो. त्याच्या केसला हेडपाशी ओ-रिंग (रबरी गोल रिंग) असते. पंचवीस-सत्तावीस वर्षांत ती प्लास्टिकसारखी कडक होते आणि तिथून सुटलेलं तेल सरळ खाली बेल हाउसिंगवर (क्लचभोवतीच्या आवरणावर) उतरतं, म्हणून हुबेहूब मागच्या सीलसारखं दिसतं. डिस्ट्रीब्यूटरच्या बुडाखाली बोट घालून फिरवा, नुसत्या डोळ्याला ती जागा दिसत नाही, मोबाइलचा कॅमेरा आत घालून फोटो काढा.
दुसरं म्हणजे ब्रीदर, इंजिनातली कोंडलेली हवा बाहेर सोडणारा पाइप. टॅपेट कव्हरवरून एअर फिल्टरकडे जाणारा पाइप काढून फुंकून बघा. तो चोंदला की आतली हवा कोंडते आणि नवीन पॅकिंगमधून पण तेल बाहेर ढकलते, तुमचं टॅपेटचं पॅकिंग दोनदा गेलं त्याचं कारण हेच असेल असं मला वाटतं.
डिस्ट्रीब्यूटर काढायच्या आधी बॉडीवर आणि हेडवर मिळून एक खूण करा आणि आतल्या फिरत्या रोटरचं तोंड कुठे आहे त्याचा फोटो घ्या, नाहीतर ठिणगीचं टायमिंग हलेल. केस पण उतरवली तर परत बसवताना तिच्या गिअरवर थोडं इंजिन ऑइल घाला, कोरडी सोडू नका. आणि अनाबॉन्ड (पॅकिंगला लावायचा गम) थापू नका, जास्तीचा आत तुटून पडतो आणि चेंबरमधल्या जाळीला अडकतो.

कराडची८००
मंडळी, सापडलं!! क्लच अजिबात घसरत नव्हता. रविवारी धुतली, पावडर मारली, मसूरपर्यंत जाऊन आलो. बॉनेट उघडलं तर डिस्ट्रीब्यूटरच्या बुडापासून पेन्सिलीएवढी काळी रेघ बेल हाउसिंगपर्यंत, आणि तिच्या दोन्ही बाजूंची पावडर कोरडी पांढरी. ओ-रिंग बाहेर काढली तर वाकवताक्षणी कट करून दोन तुकडे झाले, रबर म्हणायची सोय नाही. ब्रीदर पाइपमधून पण काळा चिकट गाळ निघाला, पेट्रोलने धुवून वाळवून बसवला. खूण केली होती म्हणून टायमिंग जिथल्या तिथे बसलं, पहिल्या सेल्फला चालू.
आज नववा दिवस. खाली पुठ्ठा टाकून ठेवलाय, कोरडा आहे. टॅपेट कव्हरच्या एका कोपऱ्यात किंचित ओलसर वाटतंय पण टपकत नाही, त्याच्यावर पुन्हा पावडर मारून ठेवलीये, महिनाभराने सांगतो. बाबांनी आज सकाळी पुठ्ठा स्वतः उचलून उलटसुलट करून बघितला. मिस्त्री आणि जुनं लोखंड, तुमचे दोघांचे मनापासून आभार.