फेब्रुवारीच्या कार्यक्रमात गुणगौरव हवा की नको?

पाटीपेन्सिल
अमेरिकेतल्या बऱ्याच हायस्कुलांत फेब्रुवारीत ब्लॅक हिस्टरी मंथचा, म्हणजे कृष्णवर्णीयांच्या इतिहासाच्या महिन्याचा कार्यक्रम होतो. पाय आपटून, टाळ्या वाजवून ताल धरणारी स्टेप टीम, कॉयर, एखादं भाषण, आणि त्यातच ऑनर रोलवरच्या, म्हणजे चांगल्या गुणांच्या यादीतल्या कृष्णवर्णीय मुलांचा सत्कार. हा सत्कार त्यातून काढा, असं काहींचं म्हणणं असतं. माझा त्याला साफ विरोध आहे.

वॉशिंग्टनची डनबर हायस्कूल घ्या. १८७० साली एका चर्चच्या तळघरात कृष्णवर्णीय मुलांसाठी सुरू झालेली शाळा. रक्तद्रव साठवण्याच्या कामात अग्रेसर असलेले डॉ. चार्ल्स ड्रू, शाळांमधल्या वर्णभेदाविरुद्ध कोर्टात लढायची दिशा आखणारे वकील चार्ल्स ह्यूस्टन आणि अमेरिकेचे पहिले कृष्णवर्णीय कॅबिनेट मंत्री रॉबर्ट वीव्हर, तिघेही तिथलेच. २०१३ साली उघडलेल्या नव्या इमारतीत नामवंत माजी विद्यार्थ्यांच्या नावाच्या पाट्या जमिनीत बसवल्यात आणि काही पाट्या मुद्दाम कोऱ्या ठेवल्यात. इतिहास आणि मुलांचं यश एकाच फरशीवर! मग एकाच स्टेजवर का नको?

खडूफळा
पाट्या छानच. पण डनबरची अर्धीच गोष्ट सांगितलीत. या महिन्याचं मूळ ज्यांच्याकडे जातं ते कार्टर वुडसन त्याच शाळेत मास्तर होते. १९१२ साली हार्वर्डची पीएचडी मिळाल्यावरही ते हायस्कुलातच शिकवत राहिले. का? कारण गोऱ्यांच्या विद्यापीठांत त्यांच्यासारख्यांना दार बंद होतं. डनबरला एवढे विद्वान मास्तर मिळाले ते या बंद दारांमुळेच. हे न सांगता नुसती यशस्वी नावं वाचली, की 'बघा, मनावर घेतलं तर जमतं' एवढंच पोरांच्या डोक्यात राहतं.

शिवाय वेळेचं गणित बसत नाही. तास ५० मिनिटांचा. जिममध्ये मुलं येऊन बसायला १०, निघायला ५. उरली ३५. सत्काराची ६० नावं, प्रत्येकी १० सेकंद, म्हणजे १० मिनिटं गेली. स्टेप टीम ६, कॉयर ५, मुख्याध्यापक ४ (ते ४ मिनिटांत थांबले तर). इतिहासाला १० मिनिटं राहतात आणि ती स्लाइड वाचण्यात जातात.

रोखठोक
आपल्या भारतीय मुलांचा महिना कधी म्हणे?

पाटीपेन्सिल
@रोखठोक, मे. एशियन अमेरिकन वारशाचा. आता विषयावर या.

@खडूफळा, वेळेचा मुद्दा मान्य, पण तो नियोजनाचा आहे. नावं पडद्यावर आणा, चढणं-उतरणं टाळा, ६० नावं ३ मिनिटांत होतील.

फाइलवाली
पडद्यावर आणण्याआधी थांबा. शाळेच्या ऑफिसात या कामाला तीन चाळण्या लागतात.

एक, फेर्पा, म्हणजे विद्यार्थ्यांच्या नोंदी खाजगी ठेवण्याचा कायदा. मिळालेली बक्षिसं आणि सन्मान 'डिरेक्टरी माहिती' म्हणून जाहीर करता येतात, पण शाळेने तशी नोटीस काढलेली असेल आणि पालकांनी नकार कळवलेला नसेल तरच. जीपीए, म्हणजे गुणांची सरासरी, या माहितीत बसत नाही. '३.८' असा आकडा नावापुढे टाकायचा तर लेखी संमती हवी. नकार कळवणाऱ्यांची यादी तीन आठवडे आधी काढून ताडून घ्या. आदल्या दिवशी काढली, की एखादं नाव हमखास निसटतं.

दोन, वंश. एन्रोलमेंट फॉर्मवरच्या खुणेवरून मुलं निवडून स्टेजवर बोलावणं म्हणजे खाजगी नोंद चव्हाट्यावर आणणं. त्यात मिश्र वंशाच्या मुलांची कुचंबणा होते ती वेगळीच. आणि फक्त एका वंशासाठी राखलेलं बक्षीस १९६४च्या नागरी हक्क कायद्याच्या सहाव्या भागाखाली तक्रारीला आमंत्रण देतं. शिफारशीचा फॉर्म सगळ्यांना खुला ठेवा.

तीन, उच्चार. प्रत्येक मुलाकडून त्याचं नाव त्याच्याच आवाजात फोनवर रेकॉर्ड करून घ्या आणि निवेदकाला दोन दिवस आधी द्या. सत्कारात नाव चुकीचं घेण्यापेक्षा सत्कार न केलेला बरा.

मुळामुठा
दोघेही वुडसन यांचा मूळ हेतू बाजूला ठेवून भांडताय. १९२६ साली त्यांनी फेब्रुवारीत कृष्णवर्णीयांच्या इतिहासाचा सप्ताह सुरू केला, लिंकन (१२) आणि गुलामगिरीविरुद्ध लढलेले फ्रेडरिक डग्लस (१४) यांच्या वाढदिवसांना धरून. अपेक्षा अशी, की वर्षभर जे शिकलात ते शाळांनी त्या आठवड्यात दाखवावं. मग गौरव करायचाच तर मुलांनी केलेल्या इतिहासाच्या कामाचा करा.

सप्टेंबरात, वर्षाच्या सुरुवातीलाच, ३-४ जणांचे गट पाडा. विषय शक्यतो आपल्या गावचा: शाळेची जुनी इयरबुकं, स्कूल बोर्डाची इतिवृत्तं, लायब्ररी ऑफ काँग्रेसने फुकट खुली केलेली जुनी वर्तमानपत्रं. किमान दोन अस्सल साधनं. मुलाखत घेतली तर सहीचं संमतीपत्र आधी, रेकॉर्डिंग नंतर. काम मांडायचा घडीचा बोर्ड ४८ बाय ३६ इंच. ८ बाय १० इंची फोटो ३०० डीपीआयने छापायचा तर २४०० बाय ३००० पिक्सेल लागतात. इंटरनेटवरचा अंगठ्याएवढा फोटो ताणला, की चेहऱ्याचा लगदा होतो.

आणि प्रत्येक बोर्ड दोघांनी तपासायचा. दरवर्षी त्याच चुका असतात. शेंगदाण्यावर संशोधन करणारे जॉर्ज वॉशिंग्टन कार्व्हर यांनी पीनट बटर शोधलं नाही. संशोधक गॅरेट मॉर्गन यांचं १९२३चं पेटंट तीन स्थितींच्या वाहतूक सिग्नलचं आहे, जगातल्या पहिल्या सिग्नलचं नाही. डॉ. ड्रू यांना गोऱ्यांच्या इस्पितळाने परत पाठवलं म्हणून ते वारले, ही दंतकथा आहे. १९५०च्या अपघातानंतर त्यांच्यावर उपचार झाले होते.

आपल्या पोरांनी यात कशाला पडायचं, असं कुणी विचारायच्या आत: जोतीरावांनी १८७३ साली 'गुलामगिरी' अर्पण केली ती गुलामांना दास्यत्वातून सोडवणाऱ्या अमेरिकेतल्या लोकांनाच.

पाटीपेन्सिल
काम उत्तम, पण रसायनशास्त्रात पहिल्या आलेल्या मुलीने काय करायचं? तिने बोर्ड केला नाही म्हणून तिचं नाव नाही? जिच्या एपीच्या (कॉलेजच्या तोडीच्या विषयांच्या) वर्गात तिच्यासारखी दिसणारी दुसरी कुणी नाही, तिला स्टेजवरून नाव ऐकू येणं मोलाचं असतं. ते तुम्हाला हलकं वाटतं, मला नाही.

खडूफळा
तिचं नाव मे महिन्यातल्या सगळ्या शाळेच्या बक्षीस समारंभात घ्या, सगळ्यांच्या बरोबरीने. आणि ती वर्गात एकटी का, ते फेब्रुवारीत विचारा. आठवीत अल्जिब्रा मिळाला तर नववीत जॉमेट्री, दहावीत अल्जिब्रा टू, अकरावीत प्रीकॅल्क्युलस, बारावीत कॅल्क्युलस. आठवीत तो मिळाला नाही, तर एखाद्या वर्षी गणिताचे दोन विषय घेतल्याशिवाय ती गाडी गाठता येत नाही. आठवीतल्या अल्जिब्रासाठी शिफारस कोण करतं, किती कृष्णवर्णीय मुलांची होते, हा आकडा प्रमाणपत्रावर छापत नाहीत.

व्हर्जिनियाच्या फार्मव्हिलमध्ये कृष्णवर्णीय मुलांची मोटन हायस्कूल १८० मुलांसाठी बांधलेली. १९५१ साली ४५०हून जास्त मुलं होती, काही वर्ग डांबरी कागदाच्या खोपटांत. १६ वर्षांच्या बार्बरा जॉन्सने २३ एप्रिलला अख्खी शाळा संपावर नेली. तिथून निघालेला खटला शाळांमधला वर्णभेद बेकायदा ठरवणाऱ्या १९५४च्या ब्राऊन निकालातल्या पाच खटल्यांपैकी एक. त्या वर्षीच्या ऑनर रोलमध्ये हे काम कुठल्या रकान्यात बसलं असतं?

फाइलवाली
रकाना करता येतो, 'शाळेसाठी केलेलं काम' असा. फक्त निकष सप्टेंबरातच लिहून लावा. जानेवारीत लावलेले निकष कुणाला तरी बघूनच लावलेत, असं पालक म्हणणारच.

पाटीपेन्सिल
हा रकाना चालेल. रसायनवाली मात्र मी सोडणार नाही.