व्हायरसवाली मेल: तोंडावर नाकारायची की गुपचूप गिळायची?

दारवान: पोस्टफिक्स या मेल सर्व्हरला क्लॅमएव्ही-मिल्टर हा व्हायरस तपासणारा प्रोग्राम जोडतोय. 'ऑनइन्फेक्टेड' (व्हायरस सापडल्यावर काय करायचं ती सेटिंग) मुळात क्वारंटाइन, म्हणजे मेल बाजूला अडकवून ठेवणं, असतं, मी रिजेक्ट करणार. मिल्टर मेल रांगेत शिरण्याआधीच तपासतो, त्यामुळे ५५० हा नकाराचा कोड देऊन दारातूनच परतवता येते. पाठवणारा खरा असेल तर त्याचाच सर्व्हर त्याला कळवेल. ब्लॅकहोल मला पटत नाही. २५० हा स्वीकाराचा कोड देऊन 'मिळाली' म्हणायचं आणि मागच्या मागे फेकायची, ही चक्क थाप झाली.

जुनंखोड: असेना थाप. मेल घातक असल्याची पक्की खात्री असेल तर न कळवता टाकायला आरएफसी ५३२१ या मेलच्या नियमावलीतही वाव आहे. २००३ चा सोबिग.एफ आणि २००४ चा मायडूम हे मेलने पसरणारे व्हायरस आठवा. दोन्ही प्रेषकाचा पत्ता खोटा घालायचे, आणि आपले शहाणे स्कॅनर 'तुमच्या मेलमध्ये व्हायरस आहे' असं भलत्यालाच कळवायचे!

दारवान: तो बाऊन्स, मेल घेऊन झाल्यावर मागाहून धाडलेली नकाराची मेल. कनेक्शन चालू असतानाच नाकारली तर माझा सर्व्हर कुणालाच काही लिहीत नाही.

जुनंखोड: आणि मधे फॉरवर्डर, म्हणजे मेल घेऊन पुढे धाडणारा सर्व्हर, असला तर? त्याने मेल आधीच घेतलेली असते. तुमचा ५५० मिळाला की तो त्या खोट्या पत्त्यावर बाऊन्स धाडतो. अमाविस हा मेल तपासणारा प्रोग्राम रांगेमागे लावलेल्यांनी तर त्याच्या 'डी_रिजेक्ट'च्या (नाकारण्याच्या) वाटेला जाऊच नये, बाऊन्स त्यांचाच पोस्टफिक्स काढेल. तिथे 'डी_डिस्कार्ड'च, म्हणजे गुपचूप फेकणं.

तिसराडोळा: स्कॅनर चुकतच नाही असं दोघांनी धरलंय. ऐकारची ६८ बाइटची चाचणी फाइल पकडली म्हणजे झालं का? दिसणारी लिंक एक आणि खरी दुसरी, एवढ्यावरून 'ह्युरिस्टिक्स.फिशिंग' ही अंदाजावर चालणारी तपासणी साधं बातमीपत्रही अडवते. मॅक्रोचा (फाइलमधल्या छोट्या प्रोग्रामचा) अलर्ट चालू केलात तर हिशोबाच्या मॅक्रोवाल्या एक्सेल शीटही अडकतील. मी क्वारंटाइनच ठेवते. मेल होल्डच्या रांगेत जाते, पोस्टकॅट कमांडने बघायची, ठीक असेल तर पोस्टसुपर कमांडने सोडायची.

दारवान: रोज बघणार कोण? पाठवणाऱ्याला २५० तिथेही मिळतोच. कुणी चाळलं नाही तर तेही ब्लॅकहोलच, वर डिस्क खातं.

तिसराडोळा: मी बघते. शिवाय अमाविसमध्ये ठरावीक नावांच्या सिग्नेचर (स्कॅनरच्या ओळखखुणा) व्हायरस न धरता स्पॅमच्या गुणांत मोजता येतात. ह्युरिस्टिक्सवाल्या सगळ्या तिकडे ढकलल्या की होल्डमध्ये फार उरत नाही.

जुनंखोड: हे मान्य. फॉरवर्डरच्या प्रश्नाचं उत्तर अजून आलं नाही.

दारवान: पोस्टफिक्स ३.२ पासून एसएमटीपीडी_मिल्टर_मॅप्स ही सेटिंग आहे, क्लायंटच्या आयपीनुसार मिल्टर बदलता येतो. ओळखीच्या फॉरवर्डरांना ब्लॅकहोलवाला दुसरा मिल्टर लावतो, बाकी सगळ्यांना रिजेक्ट.

जुनंखोड: म्हणजे थाप मारणारच! बरं, दोन्हीकडे 'ऑनफेल' (तपासणी फसल्यावर काय करायचं ती सेटिंग) डिफरच, म्हणजे 'नंतर पाठवा', राहू द्या. क्लॅमडी हा मिल्टरमागचा खरा स्कॅनर बंद पडला आणि तिथे ॲक्सेप्ट असलं तर सगळंच न तपासता आत येईल.