डीएनए आला म्हणून स्लाइडी फेकायच्या का?

स्लाइडवाला
काल एका उत्साही गृहस्थांनी लिहिलं, 'खवले किडींचं (झाडाचा रस शोषणाऱ्या बारीक किडी) वर्गीकरण आता थेट डीएनएवर करा, काचेच्या स्लाइडीवर मादी चढवून तिच्या अंगावरची मेण पाझरणारी छिद्रं मोजायचे दिवस गेले.' डोकं फिरलं, म्हणून हा धागा.

सत्तरच्या दशकात आफ्रिकेत कसावा या कंदपिकावर पिठ्या ढेकूण (खवल्यांपैकीच एक) पडला. त्याला मारणारे मित्रकीटक शोधायला लोक दक्षिण अमेरिकेत गेले. तिथल्या पिठ्यावरचे मित्रकीटक आणले, तर ते आफ्रिकेतल्या पिठ्याला ढुंकूनही विचारेनात. कारण तो पिठ्याच दुसरा! तिकडचा फेनाकोकस हेरेनी, इकडचा फेनाकोकस मॅनिहोटी. हा फरक स्लाइडीवर कळला. खरा मॅनिहोटी १९८१ साली पॅराग्वेत मिळाला, त्याच्यावरची चिमुकली गांधीलमाशी आणली आणि कसावा सावरला. एकही पीसीआर (डीएनएच्या प्रती काढायची पद्धत) न करता.

चार_अक्षरे
पीसीआर तेव्हा नव्हताच हो! बैलगाडीने प्रवास झाला म्हणून रेल्वे वाईट?

आणि छिद्रांचं कौतुक पुरे. १९८३ साली जेनिफर कॉक्स यांनी पिठ्या वेगवेगळ्या तापमानांत वाढवून दाखवला, तर ज्यांवरून जाती ओळखायच्या त्याच खुणा बदलल्या. तुम्ही हवामान मोजता आणि त्याला जात म्हणता.

स्लाइडवाला
तो प्रयोग आमच्याच माणसाने केला, स्लाइडी करूनच. आमची चूक आम्हीच काढली. तुमच्या डेटाबेसात चुकीच्या नावाने बसलेले डीएनए सीक्वेन्स कोण काढणार? मूळ नमुनाच जपलेला नसेल तर ताडून कशाशी बघायचं?

माशी_शिंकली
स्वानुभव सांगतो. एका कवचवाल्या खवल्याचं सीओआय (जात ओळखायला वापरतात ते 'बारकोड' जनुक) वाचलं. कशाशीच जुळेना. तीन आठवडे नवी शाखा सापडली म्हणून नाचत होतो. निघाली आतली परजीवी गांधीलमाशी! कवच उचलून बघितलं असतं तर पिवळी असायची ती कीड काळपट आणि टणक झालेली दिसली असती. बघितलंच नव्हतं.

चार_अक्षरे
म्हणूनच आता सहसा कीड कुटत नाहीत. बारीक टोचायची, एन्झाइमात ठेवायची, आतलं विरघळतं, डीएनए मिळतो. उरलेली कातडी स्लाइडीवर चढवा. भांडण मिटलं.

स्लाइडवाला
'चढवा' म्हणे! कोणी? ती कातडी आधी पोटॅशमध्ये साफ करायची, ॲसिड फुक्सिनने रंगवायची, अल्कोहोलात पाणी काढायचं, लवंगतेलात ठेवायची, मग बाल्सम या पारदर्शक डिंकात पाय न दुमडता सरळ बसवायची. एक शिंक आली की दोन दिवस पाण्यात. एका प्रकल्पासाठी अशा चाळीस केल्या. शोधनिबंधात माझं नाव कुठे? आभारात, फ्रीज दुरुस्त करणाऱ्याच्या खाली.

नुसती_वाचक
+१. आमच्याकडे ओळख पटवून मागतात 'जरा बघून सांगा' म्हणून. ते 'जरा' तीन दिवसांचं असतं.

चार_अक्षरे
रात्र रात्र प्राइमर (पीसीआर सुरू करणारे डीएनएचे तुकडे) बदलत बसतो तो काय फुकट? बारकोडिंगचे नेहमीचे प्राइमर या किडींवर किती वेळा चालतच नाहीत, ठाऊक आहे? रडगाणं सगळ्यांकडे आहे.

स्लाइडवाला
रडगाणं?? बाल्समचा वास घेत एक आठवडा बसा, मग बोला.

राळेतला
अवांतर थांबवा. अंबरात, म्हणजे जीवाश्म राळेत, सापडतात ते खवले बहुतेक पंखवाले नर, जिवंतांची वर्गवारी केली मुख्यतः माद्यांवरून. राळेतून डीएनए काही निघत नाही. दोन दिवस जगणाऱ्या, तोंडही नसलेल्या त्या नराकडे दोन्ही पार्ट्यांनी बघावं, नाहीतर दहा कोटी वर्षांपूर्वीचे जीवाश्म वंशवृक्षावर बसवायचे कुठे?

चार_अक्षरे
नरांचं मान्य. पण स्लाइडवाले, खवल्यांच्या एरिओकॉक्सिडी कुळाबद्दल गप्प का? अठराएस जनुकाने दाखवलं ना, ते एक कूळच नाही. त्यातले काही बीसनिइडी आणि स्टिक्टोकॉक्सिडी या दुसऱ्या कुळांचे सख्खे, बाकीचे भलतीकडेच. हे छिद्रं मोजून निघालं असतं?

स्लाइडवाला
ती गोधडी होती, हा संशय आम्हालाही होता. पण ठिगळं कुठली कुठे हे तुमच्या जनुकाने दाखवलं, घ्या. मात्र निओकॉक्सिड (पिठ्या, कवचवाले वगैरे) हा एकच गट, हे पोटावरची श्वासरंध्रं नाहीत यावरून आम्ही आधीच सांगितलं होतं. त्यावर डीएनएने शिक्का मारला, उपकार झाले.

चार_अक्षरे
बारा नमुन्यांचा डीएनए काढून ठेवलाय, कातड्या अल्कोहोलात शिल्लक आहेत. चढवाल? नाव लेखकांत.

स्लाइडवाला
कितवं?