प्रतिसाद: सराउंडपेक्षा कुशन पाहा

गेमिंगसाठी ७.१ सराउंडचाच (चहूबाजूंनी आवाज येत असल्याचा भास देणारा) हेडसेट घ्यावा, नाहीतर खेळात प्रतिस्पर्ध्याच्या पावलांची दिशा कळत नाही, हे या चर्चेतील वरचे मत मला पटत नाही. अशा बहुतेक हेडसेटमध्ये प्रत्येक कानाला एकच ड्रायव्हर (आवाज काढणारा छोटा स्पीकर) असतो आणि बाकीच्या दिशांचा आभास सॉफ्टवेअर निर्माण करते. व्हॅलोरंट या नेमबाजीच्या ऑनलाइन खेळात हेच काम खेळातीलच एचआरटीएफ ही सोय करते. तिच्या जोडीला हेडसेटचाही सराउंड चालू ठेवला, तर एकाच आवाजावर दोनदा प्रक्रिया होऊन दिशा उलट अस्पष्ट होते. साधा, चांगला स्टिरिओ हेडसेट पुरतो.

कानांवर टेकणाऱ्या कुशनबद्दल मात्र इथे कोणीच लिहिलेले नाही, आणि पुण्यात तो मुद्दा मला अधिक महत्त्वाचा वाटतो. एप्रिल-मेमध्ये कोथरूडच्या आमच्या वरच्या मजल्यावरील खोलीत पंख्याखाली बसूनही रेक्झिनची कुशन घामाने चिकटत असे, आणि पुढे तिचे काळे पापुद्रे सुटून कानामागे लागू लागले. कापडी कुशनमधून बाहेरचा आवाज थोडा अधिक येतो, खर्जही किंचित कमी होतो, तरी उन्हाळ्यात तीच सुसह्य ठरते. म्हणून तपकीर गल्लीत (पुण्यातील इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात) असो वा अन्यत्र, हेडसेट हातात घेऊन कुशन सहज निघते का आणि तिची जोडी सुटी मिळते का, हे दुकानदाराला आधी विचारावे.