ठिणगी बिहारच्या भूकंपाची

अमेरिकन मानसशास्त्रज्ञ लिऑन फेस्टिंगरला संज्ञानात्मक विसंगतीची (मनातल्या दोन गोष्टी एकमेकींशी जुळल्या नाहीत की माणूस अस्वस्थ होतो आणि त्या जुळवू पाहतो, ही) कल्पना उडत्या तबकड्यांची वाट पाहणाऱ्या एका पंथावरून सुचली, असं काहीजण म्हणतात. पंथाचा अभ्यास महत्त्वाचा आहेच, पण ठिणगी आधीच पडली होती आणि तीही आपल्याकडची. जानेवारी १९३४ च्या बिहार भूकंपानंतर जमुना प्रसाद यांनी लोकांत फिरणाऱ्या अफवा गोळा केल्या. जिथे धक्के जाणवले पण पडझड झाली नाही, तिथेही 'याहून मोठं संकट येतंय' छापाच्या अफवा जोरात! आधीच घाबरलेली माणसं आणखी भीतीदायक गोष्टी का पसरवतील? फेस्टिंगरचा तर्क असा, की भीती मनात होती, तिला साजेसं कारण आजूबाजूला दिसत नव्हतं. ते अफवांनी पुरवलं.

१९५७ च्या पुस्तकात त्याने हे स्वतःच सांगितलंय. चर्चा मात्र कायम त्याच्या १ आणि २० डॉलरच्या प्रयोगावरच (कंटाळवाणं काम मजेशीर होतं असं खोटं सांगण्यासाठी लोकांना एवढे पैसे दिले होते) अडकते.